पहिलीचे वाचन आणि शिक्षकाच्या मनातले वाचन

पाटीपेन्सिल

एकाच केंद्रातील दोन जिल्हा परिषद शाळा घ्या. पाठ्यपुस्तक दोन्हीकडे बालभारतीचेच, प्रशिक्षण एकाच सभागृहात झालेले, मुलेही साधारण सारख्याच घरांतली. तरीही एका शाळेत पहिलीची मुले दिवाळीपर्यंत फळ्यावरची अक्षरे उतरवत बसतात आणि गोष्टींची पुस्तके कपाटात कुलूपबंद राहतात, तर दुसऱ्या शाळेत जून महिन्यापासून बाई रोज एक गोष्ट वाचून दाखवतात, तिच्यातले दोन शब्द फळ्यावर लिहितात आणि त्या शब्दांतली अक्षरे मुलांकडून शोधून घेतात. साधनव्यक्ती म्हणून, म्हणजे शाळांना भेटी देऊन शिक्षकांना मदत करण्याच्या कामामुळे, अनेक वर्गांत मागच्या बाकावर बसण्याची संधी मला मिळते आणि हा फरक केवळ पद्धतीचा आहे, असे मला आता वाटत नाही. 'वाचन म्हणजे काय' आणि 'कोणाला वाचता येऊ शकते' या दोन प्रश्नांची शिक्षकाच्या मनात आधीपासून पक्की असलेली उत्तरे वर्गात उतरतात, असे माझे मत आहे.

पहिल्या प्रश्नाचे आपल्याकडचे रूढ उत्तर जिन्यासारखे आहे : आधी अक्षरे, मग काना-मात्रा नसलेले शब्द, मग काना, वेलांटी, उकार, मग जोडाक्षरे, मग वाक्य आणि सर्वांत वरच्या पायरीवर अर्थ. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सहसा उघडपणे दिले जात नाही, पण 'याच्या घरी कोणी शिकलेले नाही' या वाक्यात ते दडलेले असते.

कर्नाटकातील यादगीर आणि आपल्याकडील वाडा या तालुक्यांत शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कन्नड व मराठी शिकणाऱ्या मुलांचा पहिली ते तिसरी असा सलग तीन वर्षे अभ्यास केला आणि त्याचा अहवाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिसरी संपत आली तरी बरीच मुले साधा उतारा वाचू शकत नव्हती, हे त्यात आहेच, पण मला वर्गांविषयीचे निरीक्षण अधिक महत्त्वाचे वाटले. अक्षरे आधी आणि अर्थ नंतर, हा क्रम इतका गृहीत धरलेला असतो की ज्या मुलाची अक्षरे पक्की होत नाहीत, त्याच्या वाट्याला अर्थ येतच नाही.

माझा प्रश्न असा आहे. आपण शिक्षक असाल, तर वाचनाविषयीची आपली धारणा कशामुळे बनली आणि ती कधी बदलली का? आणि पालक असाल, तर मुलाच्या वर्गात ती धारणा आपल्याला कशी दिसली?

केंद्रशाळा

'शिक्षकांच्या धारणा' हे शब्द प्रशिक्षणांत ऐकून कान किटले आहेत. माझी शाळा द्विशिक्षकी आहे. पहिली आणि तिसरी माझ्याकडे, दुसरी आणि चौथी सहकारी बाईंकडे. पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, मतदार यादीचे काम हे सगळे त्याच वेळेत करायचे असते. पहिलीला फळ्यावरची अक्षरे उतरवायला लावणे हा माझा शैक्षणिक सिद्धान्त नाही. मला वीस मिनिटे तिसरीकडे वळता यावे म्हणून केलेली ती सोय आहे. मागच्या बाकावर बसून पाहणाऱ्याला त्या सोयीत धारणा दिसत असेल, तर पाहणाऱ्याची धारणाही तपासून घ्यावी.

भोचक भवानी

केंद्रशाळा यांच्या शेवटच्या वाक्याला शंभरपैकी शंभर गुण.

तोवर अक्षरतक्त्याविषयी माझी एक जुनी शंका. 'ई ईडलिंबूचा' हे वाचून वाढलेल्या पिढीतील किती जणांनी ईडलिंबू प्रत्यक्ष पाहिले आहे? 'ए एडक्याचा', 'ऐ ऐरणीचा', 'ख खटाऱ्याचा', 'य यज्ञाचा' हेही त्याच पंक्तीतले. माझ्या भाच्याला ऐरणीचे चित्र दाखवून हे काय आहे असे विचारले, तर तो आत्मविश्वासाने 'शिवणयंत्र' म्हणाला. त्याला ऐ हे अक्षर कळण्याआधी लोहाराची शाळा शिकावी लागली.

मुक्काम पोस्ट

केंद्रशाळा, आपली अडचण खरी आहे, पण त्याच अडचणीत आणखी एक गोष्ट घडते आणि तिच्यात धारणा शिरते. वीस मिनिटे मोकळी झाली, तर ती कोणत्या मुलांना मिळतात? अमेरिकेतील सेंट लुईस शहरातल्या एका शाळेतील बालवर्गाचे रे रिस्ट यांनी केलेले निरीक्षण १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. शाळा सुरू होऊन आठवा दिवस उजाडला आणि शिक्षिकेने मुलांना तीन टेबलांवर कायमच्या जागा नेमून दिल्या. तोपर्यंत एकही वाचनचाचणी झालेली नव्हती. कपडे, बोलण्याची धाटणी, घरची परिस्थिती यांवरून ही वाटणी झाली होती. पहिल्या टेबलाशी शिक्षिका अधिक बोलली, त्यांनाच अधिक प्रश्न विचारले गेले, आणि पुढच्या वर्गांतही ती वाटणी जवळजवळ तशीच टिकली. तिथली शिक्षिका आणि मुले दोन्ही कृष्णवर्णीयच होती, म्हणजे हा केवळ परक्याचा पूर्वग्रह नव्हता.

आपल्याकडे टेबले नसतात, रांगा असतात. शेवटच्या रांगेत कोण बसते, हे कोणत्याही गावात पाटीवर नाव लिहिल्यासारखे आधी ठाऊक असते.

चिकित्सक

धाग्याच्या मूळ मांडणीत एक बाजू सुटते आहे. 'अक्षर आधी' ही धारणा नुकसान करते असे म्हणताना 'अर्थ आधी, अक्षरे आपोआप येतील' या धारणेनेही तेवढेच नुकसान केले आहे, हे सांगायला हवे. केनेथ गुडमन यांनी १९६७ मध्ये वाचन हा भाषेच्या आधारे केलेल्या अंदाजांचा खेळ आहे, अशी मांडणी केली. तिच्यातून इंग्रजी शिकवणाऱ्या देशांत अनेक वर्षे अशी पद्धत रूढ झाली की शब्द अडला, तर मुलाने चित्र पाहावे, वाक्याचा रोख पाहावा आणि अंदाज करावा. वाचन बोलण्यासारखेच नैसर्गिकपणे येते, ही तिच्यामागची श्रद्धा. बोलणे मूल आपोआप शिकते. लिपी मात्र माणसाने निर्माण केलेली असल्यामुळे ती बहुतेक मुलांना शिकवावीच लागते. घरी पुस्तके असलेली मुले अंदाजाच्या पद्धतीतही तरून गेली, बाकीची मागे पडली.

इंग्लंडने वाचनशिक्षणावरील २००६ च्या रोझ अहवालानंतर दिशा बदलली आणि २०१२ पासून पहिल्या इयत्तेच्या शेवटी ४० शब्दांची तपासणी सुरू केली. त्यांतले २० शब्द मुद्दाम निरर्थक ठेवलेले असतात, म्हणजे मूल आठवणीने नव्हे तर अक्षर-ध्वनी जुळवून वाचते आहे की नाही, हे कळते. अपेक्षित पातळी गाठणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१२ मध्ये ५८ टक्के होते, ते २०१९ पर्यंत ८२ टक्क्यांवर गेले. निरर्थक शब्द वाचायला लावण्यावर तिथल्या अनेक शिक्षकांचा राग होता आणि त्यांतल्या काहींचा अजूनही आहे.

आपल्याकडे २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या सरकारी कार्यक्रमानंतर ज्ञानरचनावादाच्या नावाखाली काही वर्गांत मी काय पाहिले? फरशीवर रंगीत तक्ते, अक्षरकार्डांचे ढीग, मुले गटांत बसलेली आणि 'मूल स्वतःच ज्ञान रचते' म्हणून शिक्षक बाजूला उभे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील (बीट म्हणजे शाळांचा प्रशासकीय गट) ज्या शाळा पाहून हे सगळे सुरू झाले, तिथे शिक्षकांचे मुलांशी बारकाईने चाललेले बोलणे हा गाभा होता. भेटीला गेलेल्यांनी फरशी उचलून आणली.

पाटीपेन्सिल

चिकित्सक, फरशीचा मुद्दा मान्य. इंग्लंडचा दाखला मात्र देवनागरीला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. इंग्रजीत अक्षरे २६ आणि त्यांचे उच्चार बेभरवशाचे, म्हणून तिथे भांडण ध्वनीवरून होते. आपल्याकडे अक्षर आणि उच्चार यांचे नाते बरेच सरळ आहे, पण रूपांची संख्या मोठी आहे. ३४ व्यंजनांची प्रत्येकी १२ रूपे धरली, तरी आकडा ४०० च्या वर जातो आणि जोडाक्षरे वेगळीच. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहायची आणि उच्चारताना ती नंतर येते. रफार डोक्यावर बसतो, पण आधी वाचायचा. 'कमळ' मधला शेवटचा अ लिहिलेला असतो आणि बोललेला नसतो, आणि हे मुलाला कोणीच सांगत नाही, त्यामुळे ते क-म-ळ असे तीन तुकडे वाचून थांबते.

सोनाली नाग यांनी कन्नड वाचणाऱ्या मुलांवर केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा लिपींत अक्षरज्ञान एका वर्षात पुरे होत नाही, ते प्राथमिक शाळेच्या पुढच्या इयत्तांपर्यंत चालूच राहते, असे त्यात दिसले. मग 'अक्षरे पूर्ण झाल्यावर अर्थ' या क्रमाचा हिशेब केला, तर अर्थाची पाळी तिसरी-चौथीत येणार. अक्षरे शिकवू नयेत असे मी म्हणतच नाही. ती शिकवायची, नीट क्रमाने शिकवायची, आणि त्याच दिवशी गोष्टही वाचायची.

सुशीलाबाई

मी १९७४ मध्ये प्राथमिक शिक्षिका म्हणून रुजू झाले आणि २००९ मध्ये निवृत्त झाले. आमच्या हाती पाटी, कित्ता आणि बाराखडीशिवाय काही नव्हते. 'ग म भ न' पासून सुरुवात करून, वळण गिरवून घेऊन आणि बाराखडी सामुदायिक म्हणून घेऊन आम्ही मुलांना वाचते केले. 'कमल नमन कर' वाचताना मुलांच्या डोळ्यांत जो आनंद असे, तो मला अजून आठवतो. आजच्या तज्ज्ञांना बाराखडी म्हणजे निर्बुद्ध घोकंपट्टी वाटते, परंतु तालावर म्हटलेल्या बाराखडीतून मुलाला एक रचना कळते. क ची वेलांटी कळली की म ची वेगळी शिकवावी लागत नाही. हे ज्ञान नव्हे का?

उंबरठा

सुशीलाबाई, आपल्या पिढीविषयी पूर्ण आदर राखून विचारते. आपल्या वर्गात जी मुले वाचती झाली नाहीत, ती पुढे कुठे गेली? माझ्या आईच्या वर्गातील निम्म्या मुली चौथीच्या आत शाळा सोडून गेल्या होत्या. जे टिकले त्यांच्याकडे पाहून पद्धत चांगली ठरते, आणि जे गेले त्यांचे नाव हजेरीतून कमी होते.

सुशीलाबाई

आपण रास्त विचारलेत. तेव्हा नापास करता येत असे आणि दोनदा नापास झालेले मूल गुरांमागे किंवा धाकट्या भावंडामागे जात असे. मात्र ते केवळ बाराखडीमुळे गेले, असे म्हणता येणार नाही. पेरणीच्या दिवसांत अर्धा वर्ग रिकामा असे आणि त्याला कोणतीच पद्धत पुरी पडली नसती.

आणखी एक सांगते. मी बाराखडी घोकून घेत असे हे खरे, पण शाळा सुटण्याआधीच्या तासाला रोज गोष्ट होत असे आणि ती सर्वांसाठी असे, ज्याला अक्षर येत नाही त्याच्यासाठीही. कोणी मला तेव्हा विचारले असते, तर त्या गोष्टीला मी वाचन म्हटले नसते, संस्कार म्हटले असते. तपासणीला साहेब आले की आम्ही गोष्ट बंद करून पाढे सुरू करत असू.

मुक्काम पोस्ट

सुशीलाबाईंचा हा प्रतिसाद मला या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शिक्षक काय मानतो आणि काय करतो, यांत अंतर असते, आणि ते दोन्ही दिशांनी असते. आजचा शिक्षक प्रशिक्षणानंतर 'समग्र भाषा', 'अर्थपूर्ण वाचन' हे शब्द सफाईने वापरतो आणि वर्गात श्रुतलेखन घेतो. बाई 'बाराखडी' म्हणत होत्या आणि गोष्टी वाचत होत्या. म्हणून धारणेविषयी प्रश्नावली भरून घेण्याला फारसा अर्थ नाही. वर्गात दिवसाचे तास कोणत्या कामावर जातात, ते पाहावे.

सांताक्रूझ ते सॅन होजे

इथल्या रविवारच्या मराठी शाळेत मी शिकवतो, त्यामुळे माझ्याकडे उलटा नमुना आहे. आठ-नऊ वर्षांची ही मुले इंग्रजी सफाईने वाचतात. वाचन म्हणजे काय, हे त्यांना पक्के ठाऊक असते. देवनागरी अक्षरे आणि काना-मात्रा त्या मानाने लवकर येतात आणि मग मूल पूर्ण परिच्छेद मोठ्याने, जवळजवळ बिनचूक वाचून दाखवते. पालक कौतुकाने चित्रीकरण करतात. मी विचारतो, 'काय झाले या गोष्टीत?' आणि मूल माझ्याकडे पाहून हसते.

गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाकडे पाहण्याचा एक साधा मार्ग मांडला होता : लिपी उलगडणे आणि भाषा समजणे या दोहोंचा गुणाकार म्हणजे वाचन. बेरीज नव्हे, गुणाकार. त्यांतला एक घटक शून्य असेल, तर उत्तरही शून्य. माझ्या विद्यार्थ्यांची पहिली बाजू भरलेली आणि दुसरी अर्धी रिकामी. वाडा किंवा यादगीरच्या मुलाला घरची भाषा उत्तम येते, पण शाळेची भाषा आणि लिपी दोन्ही एकदम समोर येतात.

गोमंतक

याच संदर्भात आमच्याकडची एक गोष्ट चर्चेला ठेवतो. गोव्यातील सरकारी मराठी प्राथमिक शाळांत अनेक मुलांच्या घरी कोंकणी बोलली जाते. माझ्या पुतणीने पहिलीत असताना 'आई पाणी आण' असे छापलेले वाक्य बोट ठेवून 'आवय उदक हाड' असे वाचले. वर्गशिक्षिकेने वहीत लाल शेरा मारला : 'वाचन येत नाही.' पुढच्या वर्षी दुसऱ्या बाई आल्या आणि मुलगी अजूनही अधूनमधून तसे करते हे पाहून त्या म्हणाल्या, 'हिला वाक्य समजले आहे, आता फक्त अक्षरांकडे नजर बांधायची आहे.' मूल तेच आणि चूकही तीच, तरी दोन शिक्षिकांनी त्यातून दोन वेगळ्या मुली पाहिल्या. घरच्यांना दुसऱ्या बाई अर्थातच अधिक आवडल्या, पण पहिल्या बाई पूर्ण चुकीच्या होत्या, असे म्हणता येईल का, हा माझा प्रश्न आहे.

चिकित्सक

उत्तम उदाहरण. माझे उत्तर असे की दोघींनीही एक तपासणी करायला हवी होती. त्या वाक्याशेजारी चित्र होते का? चित्र झाकून तेच वाक्य पुढे केले असते आणि मुलीने पुन्हा 'उदक' म्हटले असते, तर तिने 'पाणी' ही अक्षरे उलगडून मनात भाषांतर केले, असा अर्थ निघतो आणि ते प्रौढ द्वैभाषिकाचे काम आहे. चित्र झाकल्यावर ती गप्प राहिली असती, तर तिने चित्राचे वर्णन केले होते. पहिल्या स्थितीत लाल शेरा हा अन्याय आहे. दुसऱ्या स्थितीत 'हिला समजले आहे' असे म्हणून पुढे जाणे हा अधिक गोड शब्दांत केलेला अन्याय आहे, कारण तिला अक्षरे शिकवण्याची गरज कोणाला दिसणार नाही.

गोमंतक

चित्र होते. घागर घेतलेल्या बाईचे. त्यामुळे निकाल आता लागणे अवघड आहे. दुसऱ्या बाईंनी मात्र चित्र नसलेल्या चिठ्ठ्या केल्या होत्या, एकीकडे 'पाणी' आणि दुसरीकडे 'उदक', आणि दोन्हींत कोणती अक्षरे वेगळी आहेत, हे मुलीलाच शोधायला लावले होते. चिकित्सक यांचे समाधान व्हावे.

चिकित्सक

झाले. त्या बाईंची बदली आमच्या तालुक्यात होणार असल्यास कळवावे.

रानजाई

मी मेळघाटात, धारणी तालुक्यात शिकवते. वर्गातील बहुतेक मुलांची घरची भाषा कोरकू आहे. मराठी आणि कोंकणी निदान बहिणी आहेत. कोरकूचे कूळच निराळे, मुंडा भाषांचे. त्यामुळे 'क कमळाचा' म्हणताना चित्र ओळखीचे असले, तरी मुलाच्या तोंडी येणारा शब्द क ने सुरू होईल याची काहीच खात्री नसते, आणि मग त्याला वाटते की शाळेत वस्तूंना अक्षरे मनाला येतील तशी लावतात. भोचक भवानींच्या भाच्याची ऐरण हा विनोद आहे. इथे संपूर्ण तक्ताच ऐरणींनी भरलेला आहे.

मी रुजू झाले तेव्हा कार्यालयात ऐकलेले वाक्य असे होते : 'या मुलांना भाषाच नाही.' ते वाक्य वाईट मनाच्या लोकांचे नव्हते. मूल शाळेत दोन महिने गप्प बसते, हे त्यांनी पाहिले होते आणि गप्प बसण्याचा तोच अर्थ त्यांना लागला होता. जेवणाच्या सुट्टीत तीच मुले काय बोलतात, हे कळण्याचे साधन त्यांच्याकडे नव्हते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर जे काम केले, त्याची आठवण इथे काढावीशी वाटते. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी पाड्यावरच्या अंगणात वर्ग भरवला, आणि गुरे चारायला जाणाऱ्यांसाठी शाळा कुरणात नेली. मूल शिकू शकते हे त्यांनी आधी धरून चालले आणि शिकत नसेल, तर बदल शाळेने करायचा, असे ठरवले. आपली बहुतेक प्रशिक्षणे या गृहीतकाला न शिवता थेट साहित्यनिर्मितीपासून सुरू होतात.

माझ्या वर्गात मी सध्या काय करते, ते सांगते. मुलांची नावे हा पहिला तक्ता. कोणाचे नाव कोणत्या अक्षराने सुरू होते, यावर भांडणे होतात आणि भांडताना अक्षरे पक्की होतात. सकाळी एक मूल काल काय झाले ते सांगते, कोरकूत किंवा मिश्र भाषेत, आणि ते वाक्य मी फळ्यावर देवनागरीत लिहिते. खाली तेच मराठीत. मग अक्षरगटाचे नेहमीचे काम, वळणासह, बाराखडीसह. सुशीलाबाईंना हे ऐकून बरे वाटेल.

उंबरठा

पालक म्हणून एक जोड. शिक्षकाच्या धारणेवर आम्हा पालकांच्या धारणेचा भार असतो. माझ्या मुलीच्या बालवर्गात शिक्षिका फक्त गाणी, गोष्टी आणि मातीकाम घेत होत्या. तिसऱ्याच महिन्यात पालकसभेत 'शेजारच्या शाळेतली मुले ए टू झेड लिहितात' अशी तक्रार झाली आणि पुढच्या आठवड्यापासून चार वर्षांच्या मुलांना चौकटीच्या वह्या आल्या. त्या शिक्षिकेची श्रद्धा बदलली नव्हती. तिची नोकरी आमच्या शुल्कावर चालत होती.

केंद्रशाळा

मधल्या काळात सगळे प्रतिसाद वाचले. मुक्काम पोस्ट यांनी रांगांविषयी लिहिले आहे, त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

आमच्याकडे पातळ्यांचा तक्ता असतो. प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. मुलांना वाचन आणि गणित किती येते हे पाहणारे 'असर'चे सर्वेक्षण २००५ पासून गावोगाव होत आले आहे आणि त्याची वाचनचाचणी अशाच पातळ्यांवर बेतलेली आहे. घराघरांत जाऊन दोन-चार मिनिटांत मुलाचे वाचन मोजायचे, तर अशी चाचणी हवीच आणि तिने देशाचे डोळे उघडले, हेही खरे. सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले देशभरात २०१८ मध्ये २०.९ टक्के, २०२२ मध्ये १६.३ टक्के आणि २०२४ मध्ये २३.४ टक्के होती, हे आपल्याला त्यामुळेच कळते. पण जी चाचणी मोजण्यासाठी होती, तिच्या पातळ्या शाळेत शिकवण्याचा क्रम बनल्या. 'हा अक्षर पातळीचा' असे आम्ही मुलाविषयी बोलतो, आणि अक्षर पातळीच्या मुलाला अक्षरेच द्यायची, गोष्ट गोष्ट पातळीच्या मुलाला द्यायची, हे कोणी लेखी न सांगता ठरून जाते. पाटीपेन्सिल ज्याला जिना म्हणतात, तो शिक्षकाच्या डोक्यात जन्मला नाही. दर महिन्याला भरून द्यायच्या तक्त्याने तो आणून उभा केला आहे. २०२१ मध्ये पायाभूत वाचन-गणितासाठीचे केंद्र सरकारचे निपुण भारत अभियान आले, त्याच्या कागदांत तोंडी भाषा, आकलन, बालसाहित्य हे सगळे आहे. माझ्याकडे येणारा रकाना मात्र मिनिटाला किती शब्द, एवढाच असतो.

मुक्काम पोस्ट

म्हणजे धारणा व्यवस्थेतही असते आणि ती रकान्यांत लिहिलेली असते. हे मान्य करावेच लागेल.

सांताक्रूझ ते सॅन होजे

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण त्याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही. धारणा बनते कशी, यावर डॅन लॉर्टी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये लिहिलेले मला पटते : शिक्षक होण्याआधी माणूस हजारो तास विद्यार्थी म्हणून बाकावर बसलेला असतो आणि शिकवणे म्हणजे काय, हे त्याने तिथेच, समोरून पाहून, ठरवून टाकलेले असते. दोन वर्षांची पदविका त्या हजारो तासांपुढे टिकत नाही. आणि धारणा बदलते कशी, यावर थॉमस गस्की यांची १९८६ मधली मांडणी प्रशिक्षणाच्या नेहमीच्या समजुतीला उलटे करते. आपण समजतो की आधी शिक्षकाचे मत बदलायचे, मग वागणे बदलेल. त्यांच्या मते शिक्षक आधी काही करून पाहतो, मुलांमध्ये फरक दिसला, तर मत नंतर बदलते. फरक दिसला नाही, तर कितीही व्याख्याने द्या.

रानजाई

माझ्या शेजारच्या वर्गातल्या सरांचे तसेच झाले. नावांच्या तक्त्यावर ते दोन वर्षे हसत होते. त्यांच्या वर्गातला एक मुलगा एकदा माझ्या फळ्यावरचे कोरकू वाक्य खिडकीतून मोठ्याने वाचून पळाला. तो त्यांच्या यादीत प्रारंभिक पातळीवर होता. त्या आठवड्यात ते नावांची कार्डे मागायला आले. मतपरिवर्तनाविषयी आमच्यात काहीही बोलणे झाले नाही, फक्त कार्डे जाड पुठ्ठ्याची हवीत की पातळ, एवढेच.

पाटीपेन्सिल

रानजाई, मी याच उत्तराच्या शोधात होतो. केंद्रशाळा यांच्या रकान्याचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. गेल्या वर्षी एका शाळेत बाई पहिलीला गोष्ट वाचून दाखवत होत्या. मुले पुढे सरकून ऐकत होती आणि एक मुलगी पुढच्या पानावर काय होणार ते आधीच सांगत होती. भेटीला आलेले अधिकारी दारात दहा मिनिटे थांबले आणि सौजन्याने म्हणाले, 'चालू द्या, शिकवणे सुरू झाले की मी येतो.' त्यांनी भेटीच्या नोंदवहीत काय लिहिले, ते मी वाचले नाही.

केंद्रशाळा

मी सांगू शकतो. 'वर्गात अध्यापन चालू नव्हते.'

एक व्यवहार्य सूचना करतो. पुढच्या शिक्षण परिषदेत शिक्षकांऐवजी केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी यांना पहिलीच्या मुलांना एक गोष्ट वाचून दाखवायला सांगावे, आणि आम्ही मागच्या बाकावर बसून नोंदी घ्याव्यात. पाटीपेन्सिल, आपल्या गटसाधन केंद्रात हा विषय मांडता येईल का?

पाटीपेन्सिल

मांडता येईल. मंजूर होईल की नाही, ते सांगता येत नाही. गोष्ट कोणती घ्यावी, तेवढे सुचवा, आणि ती कोरकू किंवा वारली घरातल्या मुलांनाही ओळखीची वाटेल अशी असावी.

भोचक भवानी

ईडलिंबू नसलेली कोणतीही.